सीडी४ पेशी मरतात की नुसत्या दिसेनाशा होतात?

प्रश्न : एचआयव्हीला रोगप्रतिकारक पेशीत शिरण्यासाठी तिच्या पृष्ठभागावरील सीडी४ हा रिसेप्टर (विषाणू ज्याला चिकटतो ते प्रथिन) लागतो, असे आम्ही वर्गात शिकवतो. आत शिरल्यावर मात्र विषाणू तोच रिसेप्टर नाहीसा करतो, असे वाचनात आले. त्यावर बारावीच्या एका विद्यार्थिनीने विचारले, की मग रुग्णाचा सीडी४ काउंट (रक्तातील सीडी४ पेशींची संख्या) घटतो तो पेशी मेल्यामुळे, की केवळ रिसेप्टर दिसेनासा झाल्यामुळे? कृपया खुलासा करावा.
– जीवशास्त्राच्या एक शिक्षिका, फोंडा

उत्तर : विद्यार्थिनीची शंका मार्मिक आहे. विषाणूच्या आवरणावरील जीपी१२० हे प्रथिन प्रथम सीडी४ला आणि नंतर सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ या सहरिसेप्टरला चिकटते, तेव्हा प्रवेश घडतो. प्रवेशानंतर तोच सीडी४ विषाणूला अडचणीचा ठरतो, कारण पेशीतून बाहेर पडू पाहणारे नवे विषाणूकण आपल्या जीपी१२०मुळे त्याच पेशीच्या सीडी४ला अडकून राहू शकतात. शिवाय सीडी४ला जोडलेल्या जीपी१२०चा आकार उलगडतो आणि त्याचे एरवी झाकलेले भाग प्रतिपिंडांना सापडतात. म्हणून लवकर तयार होणारे नेफ हे प्रथिन पृष्ठभागावरचा सीडी४ आत ओढून लायसोसोम या पेशीतील पाचक पिशवीकडे धाडते, तर नंतर येणारे व्हीपीयू नव्याने बनणाऱ्या सीडी४ला आंतर्द्रव्यजालिकेतच, म्हणजे प्रथिने घडतात त्या जाळ्यातच, गाठून प्रोटिएसोम या प्रथिने तोडणाऱ्या यंत्रणेच्या हवाली करते.

नेफचे दुसरे काम मला अधिक धूर्त वाटते. संसर्गित पेशी आपल्या पृष्ठभागावरील एचएलए-ए आणि एचएलए-बी या ओळख पटवणाऱ्या रेणूंवर विषाणूचे तुकडे मांडून मारक टी-पेशींना सावध करते. नेफ हे दोन्ही रेणू पृष्ठभागावरून हटवते. पण सगळेच एचएलए रेणू गेले, तर असे रेणू नसलेल्या पेशींना मारणाऱ्या नॅचरल किलर पेशी त्या पेशीवर तुटून पडतील, म्हणून एचएलए-ईला ते धक्का लावत नाही. या प्रथिनाचे महत्त्व ऑस्ट्रेलियात उघड झाले. तेथे एकाच रक्तदात्याकडून संसर्ग झालेल्या काही जणांची प्रकृती दीर्घकाळ चांगली राहिली होती आणि त्यांच्यातील विषाणूच्या नेफ जनुकाचा भाग गळालेला असल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्यांपैकी काहींचीही प्रतिकारशक्ती घटली, हेही सांगायला हवे.

आता मूळ शंकेकडे वळू. काउंट काढणारे फ्लो सायटोमीटर हे यंत्र पृष्ठभागावरील सीडी४ पाहूनच पेशी मोजते, त्यामुळे नेफने सीडी४ उतरवलेली पेशी त्याच्या मोजणीतून निसटू शकते, हे तत्त्वतः खरे आहे. परंतु रक्तातील सीडी४ पेशींपैकी प्रत्यक्ष विषाणू निर्माण करणाऱ्या पेशी बहुधा शेकडा एकाहूनही कमी असतात. निरोगी प्रौढाच्या रक्तात दर घनमिलिमीटरला साधारण ५०० ते १५०० सीडी४ पेशी असतात. तो आकडा २००च्या खाली जातो, तेव्हा एवढी घट रिसेप्टर लपल्याने होणे शक्य नाही. पेशी खरोखरच मरतात, आणि मरणाऱ्यांत विषाणूची निर्मिती पूर्ण न झालेल्या किंवा संसर्गच न झालेल्या शेजारच्या पेशींचाही मोठा वाटा असतो.

विषाणूचा जोर किती आहे, हे मात्र काउंटवरून नव्हे, तर रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजणाऱ्या व्हायरल लोड चाचणीवरून कळते. भारतात २०१७पासून काउंट कितीही असला तरी एआरटी (एचआयव्हीला रोखणारी) औषधे सुरू करण्याचे धोरण आहे आणि गोव्यातील बांबोळीच्या एआरटी केंद्रातही त्यासाठी काउंट घसरण्याची वाट पाहावी लागत नाही.