बैलजोडी विकू देऊ नकोस, बी.ए.ही सोडू नकोस

आदरणीय ताई,
मी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यातल्या एका गावात राहते आणि तालुक्याच्या महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत असल्यापासून लिहिते. मागच्या वर्षी एका दैनिकात माझे वाचकपत्र छापून आले. पत्रकारिता, रेडिओ किंवा जनसंपर्क या क्षेत्रातच काम करावे, असे मनापासून वाटते. नागपूरच्या एका खासगी संस्थेत एक वर्षाचा ‘मास मीडिया’ अभ्यासक्रम आहे. फी नव्वद हजार रुपये असून नोकरीची हमी देतात. बाबा त्यासाठी बैलजोडी विकायला तयार आहेत. दादा म्हणतो, पोलीस भरतीची तयारी कर. माझे इंग्रजी कच्चे आहे आणि बोलण्यात वऱ्हाडी येते. बी.ए. सोडून नागपूरला जाऊ का? कापूस वेचणीवर लिहिलेला लेख सोबत पाठवत आहे.
(नाव छापू नये)

प्रिय मुली,

तुझ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारणे मागाहून सांगते. बी.ए. सोडू नकोस आणि बाबांना बैलजोडी विकू देऊ नकोस. लेखनाच्या वाटेने मात्र जरूर जा, कारण तुझा लेख मी दोनदा वाचला आणि त्यातले एक वाक्य अजून मनातून जात नाही. वाळलेल्या बोंडाची टोके बोटांत शिरून आईची नखांजवळची कातडी फाटते, आणि रात्री भाकरी थापताना ती पिठात फक्त तळहात टेकवते, असे तू लिहिले आहेस. हे घरात राहून, डोळे उघडे ठेवून पाहिल्याशिवाय कोणाला लिहिता येणार नाही.

त्याच लेखातली उरलेली दीड पाने मात्र चांदणे, पांढरे सोने आणि बळीराजाची व्यथा यांनी भरली आहेत, आणि ती कोणीही कोठेही बसून लिहू शकला असता. यंदा तुमच्या गावात वेचणीचा दर किलोमागे काय होता, काटा कोणाचा होता, वजन मजूर बायांच्या समोर होत होते की वावराच्या मालकाच्या घरी, दिवसभरात एक बाई किती किलो वेचते, पहिल्या वेचाचा आणि फरदडीचा, म्हणजे हंगामानंतर राखलेल्या कपाशीचा, दर सारखाच असतो का, यांपैकी एकाही गोष्टीचा लेखात पत्ता नाही. तुला हे सारे माहीत असणार, कारण तू स्वतः वेचणीला जातेस. ते लिहिण्यासारखे आहे, एवढेच तुला आजवर कोणी सांगितले नाही. ज्या क्षेत्रात तुला जायचे आहे, तेथे पहिली दोन वर्षे बहुतेक हेच शिकवतात: विचारायचे, मोजायचे, दुसऱ्याकडून खात्री करून घ्यायची आणि मग साध्या वाक्यांत लिहायचे. त्याची सुरुवात करायला नागपूर गाठावे लागत नाही.

आता शिक्षणाविषयी. या क्षेत्रातली जी शिक्षणे पुढे उपयोगी पडतात, त्यांतली बहुतेक पदवीनंतरची आहेत. म्हणून दुसऱ्या वर्षात बी.ए. सोडणे म्हणजे ती सगळी दारे स्वतःच्या हाताने लावून घेणे होय. आणि ही दारे तुझ्यापासून फार लांब नाहीत. भारतीय जनसंचार संस्था दिल्लीत १९६५ साली सुरू झाली. तिचे केंद्र २०११ पासून अमरावतीत आहे आणि तेथे मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो. वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय हे १९९७ साली स्थापन झालेले केंद्रीय विद्यापीठ आहे आणि तेथे जनसंचाराचा विभाग आहे. माध्यम हिंदी असले तरी आपल्या भागातल्या मुलांना हिंदीची अडचण क्वचितच वाटते. नागपूर विद्यापीठाचा जनसंवाद विभागही आहे. घर सोडणे अगदीच शक्य झाले नाही, तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पत्रकारितेचा अभ्यासक्रम घरी राहून करता येतो. त्यात प्रत्यक्ष काम कमी मिळते, ते स्वतः कमवावे लागते. शिष्यवृत्तीसाठी राज्य शासनाच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर तुझ्या प्रवर्गाला आणि अभ्यासक्रमाला कोणती योजना लागू होते ते महाविद्यालयाच्या कार्यालयात विचार, आणि उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेव, कारण ऐन प्रवेशाच्या वेळी तहसीलमध्ये रांग लागते.

त्या खासगी संस्थेबद्दल मला एवढेच विचारायचे आहे की अभ्यासक्रमाला कोणत्या विद्यापीठाची मान्यता आहे, शिकवणारे कोण आहेत आणि मागच्या वर्षीची मुले आज कोठे काम करतात. या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळत नसतील तर नोकरीच्या हमीला काही अर्थ नाही, कारण नोकरी देणारी माणसे वेगळी असतात आणि ती हमीपत्र पाहत नाहीत. शिवाय बैलजोडी गेल्यावर वखरणी-डवरणीला दरवर्षी भाड्याच्या जोडीची वाट पाहावी लागेल, आणि पाऊस उघडला की साऱ्या गावाला एकाच दिवशी बैल हवे असतात, हे बाबांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्यांनी तुझ्यासाठी एवढी तयारी दाखवली, ही फार मोठी गोष्ट आहे. तिचा मान ठेवायचा तर बैलजोडी पणाला लावू नये.

दादाच्या म्हणण्याकडेही दुर्लक्ष करू नकोस. त्याला तुझ्या पोटापाण्याची काळजी आहे आणि ती रास्त आहे. तालुक्याच्या ठिकाणी वार्ताहर म्हणून काम करणाऱ्या अनेकांना पगार मिळत नाही किंवा नाममात्र मानधन मिळते, आणि मिळकत जाहिरातींच्या कमिशनवर अवलंबून असते. ज्याच्याकडून दिवाळीची जाहिरात घ्यायची त्याच्याच विरोधात बातमी कशी लिहायची, हा पेच तेथे रोजचा असतो. पैसे घेऊन ‘प्रेस’चे ओळखपत्र देणाऱ्यांचाही सुळसुळाट आहे; त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. म्हणून केवळ बातमीदारीवर डोळा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. राज्य शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची कार्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तेथल्या अधिकारीपदांची भरती लोकसेवा आयोगामार्फत होते आणि त्यासाठी पदवीबरोबर पत्रकारितेचे शिक्षण मागितले जाते. दादाला हवी असलेली सुरक्षितता आणि तुला हवे असलेले लेखन या वाटेवर एकत्र येऊ शकते, हे त्याला सांगून पाहा.

संवादाचे काम वर्तमानपत्रापेक्षा किती मोठे आहे, हे तुला तुझ्याच जिल्ह्यात दिसेल. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती: बोंडअळीमुळे वाढलेल्या फवारण्या, डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी (कपाशीची झाडे), औषधांचे मनमानी मिश्रण, अंगावर संरक्षक कपडे नसणे. परंतु डब्यावरची बारीक अक्षरांतली सूचना फवारणाऱ्याच्या कानापर्यंत त्याच्या बोलीत पोहोचत नव्हती, हेही त्यांतले एक कारण होते, असे मला आजही वाटते. कृषी विज्ञान केंद्रे, आरोग्य विभाग, बचत गटांचे महासंघ, ग्रामीण भागात काम करणाऱ्या संस्था, आकाशवाणीचे शेतीविषयक कार्यक्रम या सर्वांना ही सूचना समजेल अशी लिहिणारी आणि बोलणारी माणसे लागतात. तसे माणूस सहजासहजी मिळत नाही.

म्हणूनच वऱ्हाडीची लाज बाळगू नकोस. वैशाली येडे या तुझ्याच जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातील शेतकरी महिलेने २०१९ साली यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले, तेव्हा सारा महाराष्ट्र त्यांचे भाषण ऐकत होता. मात्र प्रमाण मराठी चोख यायलाच हवी, आणि तुझ्या पत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बऱ्याच आहेत, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. संपादकाच्या टेबलावर पहिल्या ओळीतच अशुद्ध शब्द दिसला, तर दुसरी ओळ वाचली जातेच असे नाही. इंग्रजीचे म्हणशील तर तुला इंग्रजीत ललित लिहायचे नाही. बातमी, अहवाल, शासकीय पत्रक वाचून अचूक मराठीत आणता आले की अर्धी लढाई जिंकली. रोज एका इंग्रजी बातमीचे मराठी कर आणि आठवड्याने मूळ मजकुराशी ताडून पाहा. मोबाइलवर टंकलेखन येत असेलच, पण महाविद्यालयाच्या संगणकावर मराठी इनस्क्रिप्ट कळफलक शिकून घे, कारण कोणत्याही कचेरीत पहिल्या दिवसापासून तो लागतो.

राहिलेल्या दीड वर्षात छापून येण्याची घाई न करता सतत लिहीत राहा. आठवडी बाजार, ग्रामसभा, सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावरची गाड्यांची रांग, अंगणवाडी, एसटीच्या बंद झालेल्या फेऱ्या यांपैकी दर पंधरवड्याला एका विषयावर सहाशे शब्द लिही, आणि प्रत्येक लेखात किमान तीन माणसांशी बोललेले असू दे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याचेही म्हणणे घे. पहिल्यांदा छाती धडधडेल, नंतर सवय होते. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून काम करतो आहे, त्याचे ‘युगवाणी’ हे नियतकालिक वाचत जा. पत्रकार पी. साईनाथ यांनी आपल्या भागातल्या शेतकऱ्यांवर वर्षानुवर्षे लिहिले, आणि त्यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर खेड्यापाड्यांतली वृत्ते मराठीतही वाचायला मिळतात. ती वाचताना लेखकाने कोणाला काय विचारले असेल, हे वहीत लिहून काढ. त्यातून प्रश्न कसे विचारावेत ते कळते.

वेचणीचा लेखही पुन्हा लिही. आईच्या बोटांचे वाक्य पहिले ठेव, चांदणे काढून टाक आणि वर मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यात घाल. मग तो तालुक्याच्या वार्ताहराकडे देण्याऐवजी थेट दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात, पुरवणीच्या संपादकांच्या नावे पाठव.

सुट्टीत एक दिवस दादाला सोबत घेऊन अमरावतीला जा. प्रवेश परीक्षा केव्हा असते, वसतिगृहात जागा किती आणि वर्षाचा एकूण खर्च किती, हे त्याला स्वतः विचारू दे. बाबांना आकडा सांगायचा तो त्यानेच सांगितलेला बरा.