मुलीला रोज लिहायला नवा विषय कुठून आणायचा?

मुलगी सहावीत, गोष्टी लिहायची हौस आहे, पण दिलेला विषय चार ओळींत संपवते, असं तुम्ही लिहिलंय. विषय देऊच नका. अडचण द्या.

आमच्या सोलापुरात ‘सिद्धेश्वरांची यात्रा’ म्हटलं की निबंध येतो: यात्रा जानेवारीत भरते, लांबून लोक येतात, मला यात्रा फार आवडते. संपलं. त्यापेक्षा सांगा, होम मैदानावर गड्ड्यात (यात्रेतल्या जत्रेला आम्ही गड्डा म्हणतो) पाळणा वर जाऊन बंद पडलाय आणि शेजारी नेमकी कट्टी असलेली मैत्रीण बसलीय. मग पान पुरत नाही.

मी सोलापुरात पूर्व भागात राहते, रविवारी गल्लीतल्या पोरांना लिहायला बसवते. इथं अडचणींना काय तोटा! नळाला पाणी आलं रात्री दोनला आणि जागी फक्त तू. शेजारच्या यंत्रमागाची खडखड मध्यरात्री एकदम थांबली, तर त्या शांततेनं आधी कोण जागं झालं? यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलणाऱ्याच्या नाकावर माशी बसली. (हा पोरांचा लाडका.)

थोड्या मोठ्यांना 1930 चा मे महिना देते. शहरात मार्शल लॉ, घरातल्या ट्रंकेत तिरंगा आणि दारात शिपाई. लिहायला बसण्याआधी सोलापूरच्या चार हुतात्म्यांना, म्हणजे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना, पुढं 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली, एवढं सांगते. चार हुतात्मा चौकातून पोरं येता-जाता असतात, पण नावं विचारली की गप्प. गोष्ट मात्र हुतात्म्यांची लिहायला लावत नाही, नाहीतर पंधरा ऑगस्टचं भाषण होतं. ट्रंकेवर बसून राहिलेल्या पोरीची लिहायची.

संवादात पुस्तकी मराठी आली की मी थांबवते. ‘अरे मित्रा, तू कुठे चालला आहेस?’ असं सोलापुरात कोण बोलतं? ‘कुठं निघालास बे’ लिहू द्या. आजी तेलुगू किंवा कन्नड बोलत असेल तर तिचं एखादं वाक्य तसंच येऊ द्या, देवनागरीत.

नेटवर इंग्रजीत तयार विषय ढिगानं मिळतात. बर्फाच्या वादळात अडकलात वगैरे. घ्या की, पण बर्फाच्या जागी पारा 43 वर आणि लाईट गेलेली करा.

दहा मिनिटं पुरेत. लाल पेन लांब ठेवा. ऱ्हस्व-दीर्घ शाळा बघेल. वाचून झाल्यावर नुसतं ‘छान’ म्हणू नका, खरंच जे कळलं नसेल ते विचारा: शिपायाला पाणी कुणी दिलं? तेव्हा आई कुठं होती? तिला उत्तर येत नसेल तर उद्या लिहायला तेच द्या.