एकच मतपत्रिका, तीन निकाल : फ्रेंचच्या वर्गातली निवडणूक

ताई, तुमची अडचण मला समजली ती अशी : तालुक्याच्या गावात अकरावीला फ्रेंच आहे, मुलांना तुलनेची वाक्यं आणि साठच्या पुढचे आकडे जमत नाहीत. प्रशिक्षणात ‘दोन देशांच्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकांची तुलना डिजिटल साधनांनी शिकवा’ असं सांगितलं, पण शाळेत एकच स्मार्ट पॅनल आहे, नेटचा भरवसा नाही. मीही यवतमाळकडच्या अशाच वर्गांना शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उपक्रम चांगला आहे, नक्की करा. फक्त फ्रान्सची राज्यघटना स्लाइडवर दाखवून सुरुवात करू नका, दहाव्या मिनिटाला अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघत असतो. सुरुवात सरपंचापासून करा. आपल्याकडे 2017 साली सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं, 2020 मध्ये ते रद्द होऊन निवड पुन्हा सदस्यांकडे गेली, 2022 मध्ये परत थेट निवडणूक आली. हे पोरांनी घरी, पारावर ऐकलेलं असतं आणि त्यावर त्यांची स्वतःची मतं असतात. मग सांगा की फ्रान्समध्येही हाच वाद झाला होता. 1958 मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून शार्ल द गोल यांना सुमारे 80 हजार लोकप्रतिनिधींनी निवडलं, 1962 च्या सार्वमताने थेट निवडणूक ठरली आणि 1965 मध्ये लोकांनी त्या नियमाने पहिल्यांदा मतदान केलं. आपले राष्ट्रपती मात्र आजही खासदार-आमदारांच्या मतांवर निवडले जातात. एवढी पार्श्वभूमी मराठीतच द्या. त्यात वेळ वाया जात नाही.

यानंतर वर्गात मतदान घ्या. उमेदवार पक्षांचे नकोत, पुढारी तर नकोतच. गावातले ताण वर्गात आले की भाषा बाजूला राहते. उमेदवार म्हणून सहलीची ठिकाणं ठेवा : ताडोबा, चिखलदरा, लोणार, शेगाव. प्रत्येक ठिकाणाचा एक प्रचारक भविष्यकाळात आश्वासनं देईल. ‘व्हू व्हेरे ल तिग्र’, म्हणजे तुम्हाला वाघ दिसेल, हे वाक्य ताडोबावाल्या पोरांना कधी पाठ करावं लागत नाही.

मतपत्रिका कागदाचीच करा, आणि त्यावर चारही ठिकाणांना पसंतीक्रम लिहायला लावा. उपक्रमाचा सगळा जीव यात आहे. समजा 40 मुलं आहेत. पहिली पसंती ताडोबाला 14, चिखलदऱ्याला 11, लोणारला 9, शेगावला 6. आपल्या आमदारकीच्या पद्धतीने ताडोबा जिंकला. फ्रेंच पद्धतीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नाहीत, म्हणून पहिले दोघे दुसऱ्या फेरीत जातात. लोणार-शेगाववाल्या 15 पैकी 11 जणांनी ताडोबापेक्षा चिखलदरा वर ठेवला असेल, तर चिखलदरा 22 विरुद्ध 18 ने जिंकतो. आता आपल्या राष्ट्रपती निवडणुकीसारखं मोजा. कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, 21. शेगाव सर्वांत खाली म्हणून बाद, त्याची मतं पुढच्या पसंतीप्रमाणे वाटायची : 5 लोणारला, 1 चिखलदऱ्याला. लोणार 14, ताडोबा 14, चिखलदरा 12. आता चिखलदरा बाद, त्यातली 9 लोणारला, 3 ताडोबाला. लोणार 23 मतांनी विजयी! मतं तीच, पद्धती तीन, विजेते तीन.

तुमच्या वर्गात आकडे इतके जुळून येतीलच असं नाही, म्हणून हे उदाहरण पॅनलवरच्या स्प्रेडशीटमध्ये आधीच भरून ठेवा. निकाल फिरला की मुलं भांडायला लागतात, आणि तुलनेच्या वाक्यांची खरी वेळ तीच असते. ‘ताडोबा आ प्ल्यू द व्हुआ क लोणार’, ताडोबाला लोणारपेक्षा जास्त मतं आहेत. मग ‘मुवाँ द’ म्हणजे कमी, ‘ओताँ द’ म्हणजे तितकीच. फळ्यावर अर्थातच रोमन लिपीत लिहा. नियम असा ठेवा की भांडायचं तर फ्रेंचमध्ये, शब्द अडला तर मराठी चालेल.

मतदानही फ्रेंच रीतीने होऊ द्या. तिथे ईव्हीएम नाही म्हटलं तरी चालेल. जवळपास सगळीकडे उमेदवारांच्या नावांच्या चिठ्ठ्या असतात. मतदार आडोशाला जाऊन लिफाफ्यात चिठ्ठी घालतो, लिफाफा पारदर्शक पेटीत टाकतो, आणि अधिकारी मोठ्याने म्हणतो, ‘आ व्होते!’, मत दिलं. आपण त्याऐवजी पसंतीक्रमाची मतपत्रिका लिफाफ्यात घालायची. मागच्या बाकावरच्या, कधीही तोंड न उघडणाऱ्या मुलाला हा अधिकारी करा. तासाभरात तो ते दोन शब्द चाळीसदा म्हणतो, आणि पुढच्या आठवड्यात स्वतःहून हात वर करतो.

आता साधनं. पॅनलवर एक स्प्रेडशीट पुरे, ती ऑफलाइन चालते. शीटची भाषा फ्रेंच केली की दशांशाच्या जागी स्वल्पविराम दिसतो आणि मुलं तो ‘व्हिर्ग्युल’ असा वाचू लागतात. फ्रान्सच्या 2022 च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीच्या खऱ्या निकालाचे आकडे त्यात भरा : पहिल्या फेरीत माक्रों 27.85, ल पेन 23.15, मेलांशों 21.95 टक्के, दुसऱ्या फेरीत 58.55 आणि 41.45. पहिल्या फेरीचं मतदान 73.69 टक्के. फ्रेंचमध्ये 73 ला साठ-अधिक-तेरा म्हणतात, हा आकडा मोठ्याने वाचताना ती रचना पक्की होते. आपल्याकडचा आकडाही घ्या : राष्ट्रपती निवडणुकीत महाराष्ट्राच्या आमदाराच्या एका मताचं मूल्य 175 आहे, तेही 1971 च्या लोकसंख्येवरून काढलेलं.

ऑनलाइन क्विझच्या मागे लागू नका. चाळीस फोन, चाळीस डेटा पॅक, आणि ज्याच्याकडे फोन नाही तो कोपऱ्यात, हे मला मुळीच पटत नाही. प्लिकर्सची छापील कार्डं घ्या. मुलं आपल्या उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड फिरवून धरतात, तुमच्या एकट्या फोनच्या कॅमेऱ्याने सगळी उत्तरं टिपली जातात. उच्चारासाठी त्याच फोनच्या कीबोर्डात फ्रेंच भाषा टाकून व्हॉइस टायपिंग चालू करा. प्रचारकाने बोललेलं वाक्य फोनने नीट लिहिलं तर उच्चार पोचला. ऐकण्यासाठी ‘1 जूर, 1 केस्त्यों’ ही मुलांसाठीच्या छोट्या फ्रेंच व्हिडिओंची मालिका आधी बघून ठेवा. दोन मिनिटांच्या आतले भाग असतात.

लेखी कामाला आपली 1969 ची राष्ट्रपती निवडणूक द्या. तेव्हा पहिल्या पसंतीत कुणीच कोट्यापर्यंत पोचलं नाही. व्ही. व्ही. गिरी 4,01,515, संजीव रेड्डी 3,13,548 आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख. पुढच्या पसंती मोजल्यावर गिरी 4,20,077 वर जाऊन निवडून आले. यावर पाच वाक्यं फ्रेंचमध्ये लिहायला सांगा, त्यातली दोन तुलनेची.

आणि हे येत्या सत्रातच सुरू करा. 2027 च्या वसंतात फ्रान्सची आणि त्याच वर्षी जुलैच्या सुमारास आपल्या राष्ट्रपतिपदाची निवडणूक आहे. पहिल्या फेरीच्या रविवारी पॅरिसमध्ये रात्री 8 वाजता अंदाजे निकाल जाहीर होतात, तेव्हा आपल्याकडे साडेअकरा वाजलेले असतात. जागणाऱ्या मुलांना उमेदवारांची नावं आणि समोर रिकामी चौकट असलेला कागद आधी देऊन ठेवा. टक्केवारी त्यांनी ऐकून भरायची, आणि सोमवारी वर्गात वाचून दाखवायची.