शाफ्ट ड्राइव्हच्या, म्हणजे साखळीऐवजी दांड्याने मागचं चाक फिरणाऱ्या बाईकचं ऑइल घरी बदलता येतं का?

येतं, आणि म्हापशात राहून भर पावसात गाडी चालवत असाल तर वेळच्या वेळी बदलाच. इंजिन ऑइल नेहमीसारखंच. खरं लक्ष द्यायचं ते मागच्या चाकाजवळच्या फायनल ड्राइव्हकडे, म्हणजे दांड्याची ताकद चाकाला देणाऱ्या गिअरच्या डब्याकडे.

एक छोटी चक्कर मारून ऑइल कोमट करा, गाडी सपाट जागी सरळ उभी करा. आधी वरचा, भरायचा बोल्ट सैल करा, मगच खालचा. जुनं ऑइल काढून झाल्यावर वरचा बोल्ट जाम निघाला, तर गाडी अंगणातच अडकून पडते. खालच्या बोल्टाला बहुधा लोहचुंबक असतं. त्यावर बारीक करडा लेप दिसला तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे लागले तर मात्र गिअर-बेअरिंग तपासून घ्या. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, सील बघा.

नवं ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेलंच, बहुतेक गाड्यांना जीएल-5 दर्जाचं हायपॉइड गिअर ऑइल. मोजूनच भरा, वॉशर नवे घाला, बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) आवळा. ब्रेक फ्लुइड ओलावा शोषतं, तेही दोन वर्षांनी बदला.

आणि कृपा करून जुनं ऑइल माडाच्या आळ्यात ओतू नका, विहिरी जवळच असतात. डब्यात भरून गॅरेजवर द्या.