लिनक्स सर्व्हरवर एका डिस्कचे सगळे पाथ (सर्व्हरपासून डिस्कपर्यंतचे रस्ते) चालू आहेत का, हे कमांड लाइनवरून कसं बघायचं?

रूट (अ‍ॅडमिन) यूजरनं ‘मल्टिपाथ -एलएल’ मारा, दिसतं सगळं. पण तुम्ही पुढं लिहिलंय, “व्हेंडर म्हणतो दोन पाथ आहेत, विश्वास ठेवू का?” ठेवू नका. हे वाचलं आणि माझी जुनी खपली निघाली, म्हणून एवढं लिहितो.

आमची सहकारी संस्था यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. दोन कंट्रोलरवाला, म्हणजे डिस्कचा कारभार बघणारे दोन मेंदू असलेला, नवा स्टोरेजचा डबा आला. नागपूरहून आलेल्या इंजिनियरनं सर्व्हरच्या कार्डातून दोन फायबर थेट डब्यात खोचल्या, हिरवे दिवे लागले, त्यानं मोबाइलवर फोटो काढला आणि चहा मागवला. मी तोवर टर्मिनलवर. ओळी अशा होत्या:

३:०:०:१ एसडीबी ८:१६ अ‍ॅक्टिव्ह रेडी रनिंग
४:०:०:१ एसडीसी ८:३२ अ‍ॅक्टिव्ह रेडी रनिंग

पहिला आकडा सर्व्हरच्या पोर्टाचा. तो वेगवेगळा, म्हणजे दोन्ही केबल जिवंत. पण दोन्ही ओळी एकाच गटात, अन् गटाच्या वर ‘प्रायो=५०’, म्हणजे प्राधान्याचा आकडा. एएलयूएवाल्या डब्यात, म्हणजे जिथं एका कंट्रोलरचे पाथ पसंतीचे अन् दुसऱ्याचे दुय्यम असतात तिथं, लून (सर्व्हरला दिलेली डिस्क) ज्या कंट्रोलरकडं असतं त्याचे पाथ सहसा ५० दाखवतात, दुसऱ्याचे १०. तो १० चा गट खाली ‘एनेबल्ड’ म्हणून दिसायला पाहिजे होता. नव्हताच! म्हणजे दोन्ही केबल एकाच कंट्रोलरमध्ये.

मी सांगितलं, तर म्हणतो, “अरे भाऊ, दोन पाथ दिसून राहिले ना? अजून काय पायजे?” एका विहिरीवर दोन मोटारी बसवल्या म्हणून विहिरी दोन होतात का? आमच्या साहेबांनी “इंजिनियर तो हाय का तू?” म्हणत हँडओव्हरच्या कागदावर सही ठोकली.

जूनमध्ये, ऐन पीककर्जाच्या गर्दीत, तोच कंट्रोलर रीस्टार्ट झाला. एररसुद्धा आली नाही. कॉन्फिगमध्ये ‘क्यू इफ नो पाथ’ (पाथ नसेल तर रांगेत थांब) होतं, त्यामुळं लिहिणं-वाचणं नुसतं अडून बसलं. सीपीयू रिकामा, लोड अ‍ॅव्हरेज चढतच चाललेला, प्रोसेस डी स्टेटमध्ये, म्हणजे डिस्कच्या उत्तराची वाट बघत अडकलेल्या. जबरदस्तीनं बंद करणाऱ्या ‘किल -९’लाही दाद देईनात. काउंटरबाहेर सातबारा हातात घेऊन लोक उभे. कंट्रोलर वर आला तशी कामं आपोआप सुटली. इंजिनियर फोनवर काय म्हणाला माहितीये? “उंदरानं केबल कुरतडली असन.” कुरतडलेली केबल आपोआप जुळते का हो? डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) दोन्ही पोर्टांचं ‘लिंक डाऊन’ एकाच सेकंदाला होतं. उंदीर दोन होते अन् घड्याळ लावून बसले होते म्हणायचं.

तेव्हा सही करायच्या आधी, इंजिनियर समोर असतानाच, त्याला एक केबल काढायला लावा. ‘मल्टिपाथडी शो पाथ्स’मध्ये तो पाथ ‘फॉल्टी’ झाला पाहिजे. केबल परत लावा, पाथ ‘रेडी’ झाला की एक कंट्रोलर बंद करायला लावा, मग दुसरा. नुसती केबल काढून आमचा घोळ सापडलाच नसता. नाही म्हणाला तर सही नाही. साहेब दबाव आणत असतील तर तुमचं म्हणणं ईमेलवर टाका, तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलेलं नंतर कोणालाच आठवत नाही, आमच्या साहेबांना तर अजून आठवत नाही.

हो, हे प्रयोग चालू कामकाजात करू नका, बॅकअप घेऊन संध्याकाळी करा. काही डबे सिमेट्रिक असतात, त्यांचे सगळे पाथ एकाच प्रायोचे. तिथं ५०-१० शोधत बसू नका. फायबर चॅनल असेल तर ‘एलएसएससीएसआय -टी’नं समोरच्या पोर्टाचा पत्ता मिळतो, तो डब्याच्या कंट्रोलर पोर्टांशी ताडून बघा. मधे स्विच असेल तर केबल हातानं चाचपत जा, दोन्ही एकाच स्विचला गेल्या असतील तर ते ‘मल्टिपाथ -एलएल’ सांगत नाही. लिनक्सऐवजी व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय असेल, तर तिथं ‘ईएसएक्ससीएलआय स्टोरेज कोअर पाथ लिस्ट’.