“बोन मॅरो काढायला सांगितलंय, म्हणजे कॅन्सरच ना?”

दादांनी बसण्याआधीच रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. हिमोग्लोबिन ७.८, पांढऱ्या पेशी २,४००, प्लेटलेट ६८,०००. तिन्ही आकड्यांखाली पेनाने रेघा मारलेल्या. “मॅडम, ब्लड कॅन्सरच असणार ना? एआरटीच्या गोळ्यांनीच रक्त आटलं. परवापासून बंद केल्यात मी.”

दादांना एचआयव्ही आहे आणि एआरटी म्हणजे त्यावरची रोजची औषधं. कॅन्सरचं नंतर बघू म्हटलं, आधी गोळ्यांचं बोलू. बोन मॅरो, म्हणजे अस्थिमज्जा, हा हाडांच्या पोकळीतला मऊ भाग. रक्तातल्या पेशी तिथेच तयार होतात. एचआयव्हीमुळे ते काम बिघडतं, शरीरात लोह असूनही ते नीट वापरलं जात नाही. प्लेटलेटना तर कधीकधी आपलीच प्रतिकारशक्ती नष्ट करते. म्हणून गोळ्या सोडल्या की विषाणू पुन्हा वाढतो आणि आकडे सुधारायचे राहिले बाजूला, आणखी घसरू शकतात. दादांनी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटून गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

गोळ्यांवरचा संशय अगदीच हवेतला नाही. १९८७ मध्ये आलेल्या झिडोवुडिन या एचआयव्हीवरच्या औषधाचा डोस तेव्हा आजच्या दुपटीहून जास्त होता आणि त्याने अनेकांचं रक्त कमी झालं. आजही ते औषध चालू असेल तर हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवावं लागतं. पण दादांच्या गोळीत ते नव्हतंच. त्यांना टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर चालू होतं.

“ताप येतो?” मी विचारलं.

“संध्याकाळी कणकण असते. रात्री बनियन भिजतं.” वजनही उतरलं होतं.

तिन्ही पेशी कमी, जोडीला लांबलेला ताप, म्हणून डॉक्टरांनी ही तपासणी लिहिली होती. अस्थिमज्जेत टीबी किंवा बुरशीचा संसर्ग लपलेला असू शकतो. लिम्फोमा हा कॅन्सरही असू शकतो, हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही. अशा वेळी “काही नाही हो” म्हणून धीर देणं मला पटत नाही. शक्यता अनेक आहेत, बऱ्याचशांवर इलाज आहे आणि कोणता इलाज करायचा ते या तपासणीतून कळेल, एवढं खरं होतं, तेवढंच सांगितलं.

दादांची खरी धास्ती वेगळीच निघाली. “मणक्यात सुई घालतात ना? पाय गेले तर?” ही भीती फार जणांना असते. सुई मणक्यात जात नाही. कुशीवर झोपवून कमरेच्या मागच्या हाडावर भूल देतात आणि तिथून थोडं रक्तासारखं द्रव्य व हाडाचा बारीक तुकडा घेतात. द्रव्य ओढताना काही सेकंद जोरात कळ येते, त्याला भूल फारशी पुरत नाही. ते आधी माहीत असलेलं बरं. पुढे दोन-तीन दिवस जागा दुखते.

रिपोर्टमध्ये टीबी निघाला. औषधं सुरू झाली. त्यातल्या रिफॅम्पिसिनमुळे डोल्युटेग्राविरचा परिणाम कमी होतो, म्हणून ते दिवसातून दोनदा घ्यायला सांगितलं.

पिशवीतल्या औषधांच्या पट्ट्या बघताना आणखी एक गोष्ट सापडली. दादा स्वतःच आणलेली लोहाची गोळी उपाशीपोटी डोल्युटेग्राविरसोबत घेत होते. लोहामुळे ते औषध पोटात नीट शोषलं जात नाही. दोन्ही घ्यायचीच असतील तर जेवणासोबत घ्यावीत, नाहीतर डोल्युटेग्राविर लोहाच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर. दादांच्या मज्जेत लोह भरपूर होतं, त्यामुळे डॉक्टरांनी ती गोळीच बंद केली. ताप आधी गेला, मग प्लेटलेट वाढल्या. हिमोग्लोबिन सावरायला मात्र काही महिने लागले.