इंदूरमध्ये चालणाऱ्या जुन्या टाटा सफारीचं स्टिअरिंग ताशी ८० किमीच्या आसपास थरथरतं, खड्ड्यात आणि ब्रेकरवर खटखट होते, गाडी डावीकडे ओढते. मेकॅनिक रॅक (स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग) बदला म्हणतोय. बदलावा का?

लगेच हो म्हणू नका. ८०च्या आसपास थरथर, ब्रेकरवर खटखट आणि डावीकडे ओढ या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच असेल असं मला वाटत नाही. रॅक हा यातला सगळ्यात महाग अंदाज आहे. माझ्याकडेही २.२ डायकोर (डिझेल इंजिनची सफारी) आहे, इंदूरमध्येच चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थरथर ८०ला सुरू होऊन १००च्या पुढे कमी होत असेल तर आधी चाकांवर संशय घ्या. बॅलन्सिंग गेलेलं असतं, रिम वाकलेली असते नाहीतर टायरला फुगवटा आलेला असतो. पुढची चाकं मागे टाकून बघा. थरथर स्टिअरिंगमधून जाऊन सीटखाली जाणवायला लागली की चाकच गुन्हेगार. इंदूरजवळचा भेरूघाट उतरताना, म्हणजे ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल, तर ब्रेकची डिस्क बघायला सांगा.

ओढीचं म्हणाल तर पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते डाव्या कडेला थोडे उतरतेच असतात, त्यामुळे किंचित ओढ चालते. त्याहून जास्त असेल तर हवा तपासा आणि पुढची दोन चाकं आपसात बदला (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर नको). ओढ उजवीकडे गेली, तर दोष टायरचा. नाही गेली, तर सुपर कॉरिडॉर रस्त्यावर एक चक्कर मारून थांबा आणि दोन्ही पुढच्या रिमजवळ हात न्या, लावू नका. डावी जास्त तापलेली असेल तर तिकडचा ब्रेक पूर्ण सुटत नाहीये.

आता खटखट. दुर्लक्ष करू नये अशी तक्रार हीच. यासाठी दोन माणसं लागतात. गाडी जमिनीवर, इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडंथोडं हलवायचं, दुसऱ्याने टाय रॉड एंडवर (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) हात ठेवायचा. झिजलेला जोड हाताला लगेच टकटक सांगतो. मग चाक उचलून घड्याळातल्या ३ आणि ९च्या जागी धरून हलवा: खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड (त्याच दांड्याचा रॅककडचा सांधा). १२ आणि ६ला धरल्यावर खेळ असेल तर बॉल जॉइंट (चाकाला आर्मशी, म्हणजे ते धरून ठेवणाऱ्या दांड्याशी, जोडणारा सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. तेव्हा दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ थांबला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट.

यात एक गोम आहे. या जुन्या सफारीला पुढे टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे लांब दांडे) आहेत. बार ज्या आर्मला जोडलेला असतो, त्या बाजूच्या बॉल जॉइंटवर गाडीचा भार असतो आणि चेसिसखाली जॅक लावून चाक लटकवलं तरी तो जॉइंट ताणलेलाच राहतो. मग तो कितीही झिजलेला असला तरी घट्ट वाटतो. बार खालच्या आर्मला असेल तर जॅक त्या आर्मखाली लावायला सांगा, चेसिसखाली स्टँड हवाच. बॉल जॉइंट ढिला निघाला तर तो बदलेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. तो सुटला की चाक आडवं होतं.

जॉइंट घट्ट असतील तर लिंक रॉड (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या बारला जोडलेला छोटा दांडा) आणि आर्मचे बुश (जोडातले रबरी तुकडे) बघा. गल्लीतल्या खड्ड्यांवर हळू जाताना येणारी खटखट बहुतेक वेळा लिंक रॉडची निघते, आणि तो बराच स्वस्त आहे. बुश बदललेच तर त्यांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. लिफ्टवर लटकत्या अवस्थेत आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मेकॅनिक म्हणेल काही फरक पडत नाही. पडतो.

चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजा. पुढची एक बाजू बसली असेल तर टॉर्शन बारचा बोल्ट फिरवून ती उचलता येते, पण उगाच जास्त उचलली की गाडी आदळायला लागते आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडतं. तसंही अलाइनमेंट सगळ्यात शेवटी करायचं. ढिल्या जोडांवर केलेलं टिकत नाही.

राहिला रॅक. त्याच्या दोन्ही टोकांची रबरी बेलो (घड्यांची आवरणं) दाबून बघा. आत तेल डचमळलं तर सील गेलंय, मग मेकॅनिकचं ऐका. कोरडी असतील तर रॅक ज्या बुशांवर बसवलाय ते तपासा. खेळ काढायला कोणी रॅकचा अ‍ॅडजस्टरच आवळायला निघालं तर थांबवा: जास्त आवळला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, आणि मग तुमच्याकडे चौथी तक्रार होईल.